मदत हवी आहे: आधी पंखे बदलू की फ्रिज?

नमस्कार मंडळी, कोथरूडला जुन्या सोसायटीत राहतो. उन्हाळ्यात 300 युनिट ओलांडले की पुढच्या युनिटना वरच्या स्लॅबचा दर लागतो आणि तिथेच बिल फुगतं. घरात 4 जुने पंखे आहेत, प्रत्येकी 75 वॅटचे. आईच्या खोलीतला तर दिवसभर चालूच. बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) 30 वॅटच्या आसपास घेतो. रोज 12 तास धरले तर महिन्याला 60-65 युनिट वाचतील. पण फ्रिजच्या दाराचं रबरही सैल पडलंय, मध्ये कागद धरला तर अलगद निघतो. नुसतं रबर बदलून भागेल का? बीएलडीसी लावताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढावाच लागतो का? पुण्यात कुणी बसवले असतील तर सर्व्हिसचा अनुभव नक्की सांगा. सगळा खर्च एकदम झेपणार नाही, म्हणून क्रम ठरवायचाय.