मदत हवी आहे: हँडली पेज ओ/४०० बॉम्बरचं मॉडेल, इंजिनाची खोळ, तारा आणि रंग

नमस्कार मंडळी,

माझ्या मामांनी खूप वर्षांपूर्वी घेतलेलं हँडली पेज ओ/४०० चं १:७२ किट माळ्यावर सापडलं. खोका चेपलाय पण पार्ट सगळे फ्रेमला तसेच चिकटलेले आहेत, फक्त माहितीपत्रकाला कसर लागून अर्धं गेलंय. मामा आता ७८ चे, हात थरथरतो, म्हणून त्यांच्यासमोर बसून मी जोडतोय आणि ते भिंग घेऊन प्रत्येक तुकडा तपासतात. दिवाळीपर्यंत त्यांच्या हातात द्यायचंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाला शत्रूला लुळं करून सोडेल असं मोठं विमान हवं होतं, त्यातून फ्रेडरिक हँडली पेजच्या कारखान्यात ओ/१०० तयार झालं, १७ डिसेंबर १९१५ ला लंडनजवळ हेंडनला पहिल्यांदा उडालं. पंखांची लांबी १०० फूट, म्हणजे मॉडेलमध्येसुद्धा ४२ सेंमीच्या वर जाते, आणि एवढे पंख शेडमध्ये मावणार कसे म्हणून ते मागे दुमडायची सोय होती! ओ/४०० ही त्याचीच सुधारलेली आवृत्ती, दोन रोल्स-रॉइस ईगल इंजिनं, १९१८ मध्ये रात्री जर्मनीवर जाऊन बॉम्ब टाकायला मुख्यतः हीच वापरली.

पण मामांना जर्मनीवरचं नकोय. त्यांना सी९६८१ क्रमांकाचं विमान हवंय, पॅलेस्टाइनमध्ये रॉस स्मिथ हा ऑस्ट्रेलियन वैमानिक चालवायचा ते. १९ सप्टेंबर १९१८ च्या पहाटे, तुर्कांवरची ब्रिटिशांची मोठी चढाई सुरू व्हायच्या आधी, त्याने अफुलाच्या टेलिफोन एक्सचेंजवर आणि रेल्वे जंक्शनवर बॉम्ब टाकले आणि नाझरेथला बसलेल्या लिमान फॉन सँडर्सचा, म्हणजे तुर्की फौजांच्या जर्मन सेनापतीचा, आपल्याच सैन्याशी संपर्क तुटला. चारच दिवसांनी जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडदळाने हैफा घेतलं. मामा हैफाबद्दल वर्षानुवर्षं वाचतायत, म्हणून हा हट्ट. शिवाय युद्ध संपल्यावर तेच विमान कैरोहून कलकत्त्यापर्यंत उडत आलं, म्हणजे आपल्याकडच्या लोकांनी ते डोक्यावरून जाताना पाहिलेलं आहे.

आता अडचण. आज पूर्ण ओ/४०० जगात एकही शिल्लक नाही, जे काय ते काळ्यापांढऱ्या फोटोंवरून. इंजिनाच्या खोळीचे दोन प्रकारचे फोटो दिसतात, एक लांब शेपटीवाली आणि एक आखूड, त्यातली ओ/४०० ची कुठली? दुसरं, दोन पंखांमधल्या तारा कशाने करू, शिवणाचा दोरा लावला तर तो केसाळ दिसतो आणि दोन दिवसांत सैल पडतो. तिसरं, रंग हिरवा की तपकिरी? आणि मामा म्हणतात की १९१७ च्या १ जानेवारीला एक ओ/१०० चुकून जर्मन हद्दीत उतरलं आणि त्यावरून जर्मनांनी गोथा हे आपलं बॉम्बर बनवलं, हे खरं का?

प्रतिसाद १:

आखूड खोळ ओ/४०० ची. ओ/१०० मध्ये पेट्रोलच्या टाक्या इंजिनामागे खोळीतच होत्या म्हणून ती पंखाच्या मागेपर्यंत निमुळती जायची. ओ/४०० मध्ये टाक्या धडात घेतल्या, खोळ छोटी झाली. धडातलं पेट्रोल वर चढवायला वाऱ्यावर फिरणारे छोटे पंप होते, ते वरच्या पंखातल्या टाकीत चढवायचे आणि तिथून ते आपोआप खाली इंजिनात उतरायचं. त्या पंपांची पाती तुमच्या फ्रेमवर अगदी चिमुकली असतील, कापताना उडून जातात, पांढऱ्या चादरीवर बसून कापा.

पोट बंद करायच्या आधी आतसुद्धा बघा. बॉम्ब आडवे नव्हते, नाक वर करून उभे टांगलेले असायचे, ११२ पौंडांचे १६, आणि खाली मधाच्या पोळ्यासारखी चौकटी जाळी, प्रत्येक घराला स्प्रिंगची झडप. बॉम्बच्या वजनानेच झडप उघडायची आणि मागे बंद व्हायची. ती जाळी खालून दिसते, तिथे काळ्या रंगाचा पातळ हात द्या म्हणजे खोली येते.

प्रतिसाद २:

तारांसाठी लवचिक धागा घ्या, मण्यांच्या माळेला असतो तसला पण केसाइतका बारीक. पंख जोडायच्या आधीच सगळी भोकं पाडून ठेवा, नंतर ड्रिल आत जात नाही. एक टोक फेवीक्विकच्या थेंबाने, थेंब सुईच्या टोकावर घेऊन, पूर्ण सुकू द्या, मग किंचित ताणून दुसरं. फार ताणलंत तर पंखच वाकतील. आतून बाहेर करत या.

रंगाबद्दल, पीसी१० नावाचं मिश्रण होतं, पिवळी गेरू आणि काजळी. म्हणून फोटोवरून भांडण्यात अर्थ नाही, ताजं हिरवट असायचं आणि उन्हात तपकिरीकडे झुकायचं. पॅलेस्टाइनच्या उन्हातलं विमान आहे तर मी वरून तपकिरीकडे जाईन. आणि फोटोतल्या गोल खुणांवरून रंग ठरवू नका, त्या वेळच्या फिल्मवर लाल जवळजवळ काळा आणि निळा फिका उमटायचा.

प्रतिसाद ३:

विमान पकडलं गेलं हे खरं, धुक्यात रस्ता चुकून फ्रान्समधल्या लाँ गावाजवळ उतरलं आणि जर्मनांना धडधाकट मिळालं. पण गोथाची दोन इंजिनांची विमानं १९१६ मध्येच आघाडीवर होती, त्यामुळे त्यावरून बनवलं हे बरोबर नाही. मामांना नमस्कार सांगा.

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. जाळीचं मला ठाऊकच नव्हतं, काल रात्री पोट चिकटवणार होतो, थोडक्यात वाचलं. मामांना वाचून दाखवलं, गोथाचं ऐकून ते दोन मिनिटं गप्प बसले आणि मग वहीत आधीची ओळ खोडून नवी लिहिली. लवचिक धागा आज आणला, भोकं पाडायला घेतली आहेत, एका बाजूची झाली. पंख दुमडलेले ठेवायचे की उघडे हे मात्र अजून ठरत नाही, मामांना उघडे हवेत आणि कपाटाची रुंदी ३८ सेंमी आहे. कुणी दुमडायचे बिजागर चालतील असे केलेत का?