मदत हवी आहे : डोपामिनचे शिखर दर फेरीला खचते

अणुरेणू : ग्लासी कार्बन (काचेसारखा कठीण कार्बन) इलेक्ट्रोडने डोपामिन (मेंदूतील एक संदेशवाहक रसायन) मोजताना व्होल्टेज वर-खाली नेण्याच्या पहिल्या फेरीत प्रवाहाच्या आलेखातील शिखर ठळक मिळते, परंतु पुढच्या प्रत्येक फेरीत ते खचत जाते, शिवाय ॲस्कॉर्बिक आम्ल (क जीवनसत्त्व) घातले की दोन्ही शिखरांचा मिळून एकच पसरट उंचवटा उरतो. काम पूर्ण अडले आहे. कृपया नेमका उपाय सांगावा. इलेक्ट्रोड पॉलिश करावा, एवढे मलाही ठाऊक आहे.

विद्युत्गामी : बफरचा (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचा) पीएच किती, पद्धत कोणती, द्रावण कधी बनवलेले, यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही. उपाय कशाच्या आधारे सांगावा?

सूक्ष्मतंतू : ग्लासी कार्बन सोडूनच द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सुमारे 7 मायक्रोमीटर व्यासाचा कार्बन तंतू घेऊन सेकंदाला 400 व्होल्ट या वेगाने उणे 0.4 ते अधिक 1.3 व्होल्ट स्कॅन करावे; वरच्या टोकाला कार्बनचा पृष्ठभाग आपोआप नवा होत राहतो. सेरोटोनिन या दुसऱ्या संदेशवाहकासाठी मात्र वेग सेकंदाला 1000 व्होल्ट ठेवतात आणि व्होल्टेजची लहरही वेगळी लागते.

विद्युत्गामी : सेरोटोनिनबद्दल कोणी विचारलेलेच नाही. शिवाय या पद्धतीत प्रचंड पार्श्वप्रवाह (डोपामिन नसतानाही वाहणारा प्रवाह) वजा करावा लागत असल्याने ती क्षणिक बदल टिपते, स्थिर पातळी नव्हे.

अणुरेणू : फॉस्फेट बफर, पीएच 7.4, सायक्लिक व्होल्टॅमेट्री (व्होल्टेज वर नेऊन परत खाली आणत प्रवाह मोजणे). द्रावण सकाळी बनवून दिवसभर वापरतो.

पातळथर : या पीएचला डोपामिन धनभारित असते, तर ॲस्कॉर्बिक आम्लाचे ॲस्कॉर्बेट रूप ऋणभारित. म्हणून नाफियन या पॉलिमरचा पातळ थर द्यावा. त्यातील ऋणभारित सल्फोनेट गट ॲस्कॉर्बेटला दूर सारतात. मात्र थर नीट बसला का, हे फेरिसायनाइड या नेहमीच्या चाचणी-रसायनाने तपासू नये. तेही ऋणभारित असल्यामुळे शिखर दबलेलेच दिसते आणि चांगला इलेक्ट्रोड नाहक बाद ठरतो.

विद्युत्गामी : नाफियनला माझा विरोध नाही, पण घट कशामुळे होते हे आधी ठरवा. डोपामिनच्या ऑक्सिडीकरणातून क्विनोन तयार होते आणि पुढे त्याचाच मेलॅनिनसारखा (त्वचेतील गडद रंगद्रव्यासारखा) थर इलेक्ट्रोडवर बसतो. दुसरीकडे, उघड्या द्रावणातील डोपामिन हवेतील ऑक्सिजननेही हळूहळू खर्ची पडते. नुकताच पॉलिश केलेला इलेक्ट्रोड त्याच जुन्या द्रावणात बुडवा : शिखर परतले तर दोष पृष्ठभागाचा, न परतले तर द्रावणाचा. आणखी एक, ॲस्कॉर्बेट क्विनोनचे पुन्हा डोपामिन करते, त्यामुळे प्रवाह फुगतो. शिखरे वेगळी झाली तरी नुसत्या डोपामिनवरून काढलेली अंशांकन रेषा (प्रवाहावरून प्रमाण काढण्याची) वापरू नका.

अणुरेणू : शिखर जवळजवळ पूर्ण परतले, म्हणजे दोष पृष्ठभागाचाच. नाफियन किती टक्क्यांचे घ्यावे?

पातळथर : 5 टक्क्यांचे द्रावण इथेनॉलने दहापट पातळ करून सुरुवात करावी. थर जाड झाला तर प्रतिसाद मंदावतो.