अनुभव धागा : शाळेच्या मैदानात भेटलेला शेक्सपिअर

२००२ साल. पुण्यातल्या मुलींच्या वसतिगृहात एकीकडेच संगणक होता. तिच्या खोलीत आम्ही अकरा जणी दाटीवाटीने बसून भाड्याने आणलेल्या सीडीवर 'टेन थिंग्ज आय हेट अबाउट यू' पाहिला. गिल जंगर यांनी दिग्दर्शित केलेला १९९९चा हा चित्रपट. कॅट स्ट्रॅटफर्ड ही कोणाचं ऐकून न घेणारी, उगाच गोड न बोलणारी थोरली मुलगी. धाकटी बियांका सगळ्या शाळेची लाडकी. वडिलांचा नियम असा, की थोरली कोणाबरोबर फिरायला जाईल तेव्हाच धाकटीला परवानगी. मग बियांकावर डोळा असलेला एक पैसेवाला मुलगा पॅट्रिक व्हेरोनाला पैसे देतो, का, तर त्याने कॅटला फिरवावं.

दिवाळीच्या सुट्टीत ही गोष्ट मी आजोबांना सांगायला घेतली. अर्ध्यातच त्यांनी मला थांबवलं, "अगं, ही तर त्राटिका!" शेक्सपिअरच्या 'द टेमिंग ऑफ द श्रू'चं (म्हणजे कजाग बायकोला वठणीवर आणण्याच्या नाटकाचं) वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी मराठी रूपांतर केलं होतं, 'त्राटिका' नावाने. शाहूनगरवासी नाटक मंडळी त्याचे प्रयोग करायची आणि आजोबांच्या वडिलांनी ते नाटक पाहिलं होतं. मला त्राटिका हा शब्द फक्त शिवी म्हणून ठाऊक होता. त्या संध्याकाळी आजोबांनी पणजोबांकडून ऐकलेले एक-दोन प्रसंग हातवारे करून दाखवले. ते हसत होते, मी हसत होते, आणि आजी मात्र भाजी निवडत गप्प बसली होती. तिची ती शांतता माझ्या लक्षात राहिली.

जुन्या नाटकांवरून शाळा-कॉलेजच्या गोष्टी रचणारे असे चित्रपट ती नाटकं पोरांसाठी सोपी करून सांगतात असं म्हणतात, ते मला पटत नाही. चांगला चित्रपट नाटकाशी भांडतो, आणि जिथे भांडतो तिथेच नाटक नीट दिसतं. शाळा-कॉलेजच्या गोष्टीतून असं एखादं नाटक तुम्हाला भेटलं का? की नाटक आधी आणि चित्रपट मागून? काय हाती लागलं, काय खटकलं? सविस्तर लिहा.

नाशिकहून

मला चौथीपासून त्राटिका म्हणत. नळावरच्या रांगेत घुसलेल्या मुलाचा हात धरून मी त्याला मागे नेऊन उभं केलं होतं, एवढंच कारण. नाव दहावीपर्यंत चिकटलं.

कॅट मला म्हणूनच जवळची. शेक्सपिअरच्या कॅथरिनाला 'तू अशी का झालीस' असं कोणीच विचारत नाही. तिचा स्वभाव म्हणजे रोग, आणि नवरा म्हणजे औषध. चित्रपटात कॅटला कारण मिळतं. आई घर सोडून गेलेली, आणि त्याच सुमारास एका मुलाच्या आग्रहाला बळी पडून, मनात नसताना, सगळे करतात म्हणून केलेली एक गोष्ट. त्यानंतर तिने ठरवलं, की दुसरे करतात म्हणून आपण काहीही करायचं नाही. ती हे बियांकाला सांगते तो प्रसंग मी माझ्या धाकट्या बहिणीबरोबर पाहिला. पुढे बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही.

सांगली जिल्ह्यातून

मी एका महाविद्यालयात एकवीस वर्षं इंग्रजी शिकवतोय. 'टेमिंग ऑफ द श्रू' शिकवताना पहिली काही वर्षं मीही ते विनोदी नाटक म्हणूनच शिकवलं. पेट्रुशिओ नव्या नवरीला उपाशी ठेवतो, मांस करपलंय म्हणून समोरचं ताट भिरकावतो, तिला झोपू देत नाही, शिंप्याने आणलेला झगा नाकारतो, आणि सूर्य आकाशात असताना 'हा चंद्र आहे' असं तिच्याकडून वदवून घेतो. वर्ग हसायचा. एका वर्षी तास संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी टेबलापाशी येऊन म्हणाली, "सर, हे आमच्या शेजारी होतं. आम्हाला भिंतीतून ऐकू येतं."

त्यानंतर मला ते नाटक तसं शिकवता आलं नाही. दुसऱ्या वर्षी मी आधी चित्रपट दाखवला आणि मुलांना एकच काम दिलं : चित्रपटाने काय टाकलं आणि काय ठेवलं, ते शोधा.

उपासमार गेली, हे सगळ्यांनी लिहिलं. पैसे राहिले, हे फार थोड्यांनी पकडलं. नाटकात पेट्रुशिओ उघड सांगतो की मी पदुआ शहरात पैसेवाली बायको शोधायला आलोय, आणि त्यात कोणालाच वावगं वाटत नाही. चित्रपटातल्या शाळेचं नावही पदुआच आहे, पॅट्रिकही पैसे घेतो, पण इथे तेच त्याचं पाप ठरतं. ते लपवावं लागतं आणि ऐन प्रॉमच्या, म्हणजे शाळेतल्या नाचाच्या समारंभाच्या, रात्री उघडं पडतं. व्यवहार तोच. चारशे वर्षांत बदललं ते एवढंच, की आता त्याची लाज वाटते.

आणि शेवट. नाटकात नवरे पैज लावतात की कोणाची बायको हाक मारल्यावर येईल. कॅथरिना येते आणि चाळीसहून जास्त ओळींचं भाषण करते : बायकांनो, नवऱ्याच्या पायाखाली हात ठेवा. चित्रपटात या भाषणाच्या जागी कविता आहे. शिक्षक मॉर्गन यांनी शेक्सपिअरचं १४१ क्रमांकाचं सॉनेट (चौदा ओळींची कविता) रॅपच्या ठेक्यात म्हणून दाखवलेलं असतं आणि प्रत्येकाला स्वतःचं सॉनेट लिहायला सांगितलेलं असतं. पुढे ते विचारतात, कोण वाचतंय? कॅट आपणहून उठते. सगळे जमलेले, एक मुलगी मध्ये उभी, बाकीचे ऐकताहेत. मांडणी नाटकातलीच, पण तिला कोणी हाक मारून बोलावलेलं नाही. ते सॉनेटही असंच आहे : डोळ्यांना तुझे हजार दोष दिसतात, तरी मन ऐकत नाही. कॅटची कविता त्याच वाटेने जाते. हे लक्षात आल्यावर वर्गात जी शांतता पसरली, तशी माझ्या नोकरीत मी फार कमी वेळा अनुभवली आहे.

दोन तक्रारी आहेत. मूळ नाटकाच्या आरंभी क्रिस्टोफर स्लाय नावाचा दारुडा येतो. लोक त्याला 'तू सरदार आहेस' असं पटवतात आणि पुढचं सगळं नाटक त्याच्यासमोर होतं. म्हणजे बायकोला वठणीवर आणायची ही गोष्ट एका झिंगलेल्या पुरुषाच्या करमणुकीसाठी चाललेली असते. ती चौकट चित्रपटात नाही, आणि तिच्याबरोबर नाटकातली सगळ्यात धारदार गोष्टही गेली. दुसरी तक्रार एका विद्यार्थिनीची. पॅट्रिक त्याच पैशातून कॅटला गिटार घेऊन देतो आणि ती विरघळते. मुलीने वहीत लिहिलं होतं, "माफी मागायला वस्तू कशाला लागते?" मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले.

वॉशिंग्टन राज्यातून

आम्ही सिअॅटलजवळ राहतो. ज्या शाळेत 'टेन थिंग्ज'चं चित्रीकरण झालं ती टकोमा शहरातली स्टेडियम हायस्कूल. पाहुणे आले की त्यांना तिकडे घेऊन जातोच. लांबून एखादा फ्रेंच किल्ला वाटावा अशी इमारत. १८९१ मध्ये ती हॉटेल म्हणून बांधायला घेतली होती. १८९३च्या मंदीत काम थांबलं, १८९८ मध्ये आग लागली, आणि १९०६ मध्ये तिथे शाळा सुरू झाली. शेजारी दरीत उतरत जाणाऱ्या पायऱ्यांचं मैदान आहे आणि त्यापलीकडे समुद्राची खाडी. पॅट्रिक झालेला हीथ लेजर माइक घेऊन गात पळतो ते याच पायऱ्यांवर. हा त्याचा पहिला अमेरिकी चित्रपट.

माझी लेक नववीत असताना तिच्या वर्गात 'टेमिंग ऑफ द श्रू'च होतं. घरी येऊन तावातावाने म्हणाली, "आई, ती शेवटचं भाषण मनापासून करतच नाहीये! ती नवऱ्याला बनवतेय." मी म्हटलं, बाळा, मनापासून करत असेल तर? ती रडवेली झाली. त्या वयात आपल्याला आवडलेल्या मुलीचं असं व्हावं हे सहन होत नाही. मी तिला त्राटिका या शब्दाची गोष्ट सांगितली, रामायणातल्या ताटका राक्षसिणीपासून. तिने तो शब्द आपल्या वहीवर देवनागरीत लिहून घेतला.

कोल्हापूरहून

आमच्याकडं फुटबॉल म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. पेठापेठांचे संघ, शाहू स्टेडियम गच्च भरलेलं. मी भावाबरोबर गल्लीत खेळायची, त्याच्यापेक्षा बरी खेळायची. पण शाळेत मुलींचा संघ नव्हता. सरांनी सांगितलं, तू खो-खोला जा.

'शीज द मॅन' (२००६) मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा बारावीत होते. व्हायोलाच्या शाळेतला मुलींचा संघ बंद करतात, मुलांच्या संघात घेत नाहीत, म्हणून ती जुळ्या भावाच्या नावाने, मुलाच्या वेशात इलिरिया शाळेत जाते. मला तर वाटलं माझीच गोष्ट कोणीतरी चोरली! ज्यावरून हा चित्रपट घेतला त्या शेक्सपिअरच्या 'ट्वेल्थ नाइट'चं नाव फार नंतर ऐकलं. मग मुद्दाम वाचलं. तिथं जहाज फुटतं, भाऊ बुडाला असं वाटून व्हायोला मुलाच्या वेशात, सिझारिओ या नावाने, ऑर्सिनो या सरदाराच्या चाकरीला राहते. चित्रपटात सिझारिओ हे हॉटेलचं नाव आहे, आणि माल्व्होलिओ हे एका मुलाने पाळलेल्या आठ पायांच्या कोळ्याचं. वाचताना ही नावं भेटली की ओळखीचं माणूस दिसल्यासारखा आनंद व्हायचा.

एक गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून सांगते. नाटकात व्हायोला एकदा वेश बदलल्यावर शेवटपर्यंत बाईच्या कपड्यात रंगमंचावर येतच नाही. ऑर्सिनो तिला शेवटीही सिझारिओच म्हणतो. आणि तेव्हा तिचं काम करणाराही मुलगाच असायचा! आपल्याकडं बालगंधर्व होते तसं. चित्रपटात मात्र ती शेवटचा सामना व्हायोला म्हणून खेळते आणि गोल मारते. वेश उतरवून, स्वतःच्या नावावर. तो गोल मी किती वेळा मागं नेऊन पाहिलाय, मोजलेलं नाही. आता दर रविवारी सकाळी चौदा मुलींना शिकवते.

ठाण्याहून

माझं वय ७१. 'ती फुलराणी' रंगभूमीवर आलं १९७५ साली, तेव्हा मी एकवीस-बावीस वर्षांचा होतो. भक्ती बर्वे यांची मंजुळा मी तीनदा पाहिली. जॉर्ज बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून पु. ल. देशपांडे यांनी ते लिहिलं, पण मंजुळा कुठून आणलेली वाटलीच नाही, ती आमच्या चाळीखालून उचललेली वाटली.

मध्यंतरी नातीने 'शीज ऑल दॅट' (१९९९) लावला. तिला म्हटलं, बेटा, ही फुलराणीच आहे. शाळेतला एक हिरो पैज लावतो की कुठलीही मुलगी मी प्रॉमची राणी करून दाखवीन. मग त्या चित्रकार मुलीचा चष्मा जातो, लाल पोशाख येतो, ती जिना उतरते आणि सगळे बघत राहतात. मला मनापासून वाईट वाटलं. शॉची फुलवाली एलायझा बदलते ती भाषेने. तोंड उघडलं की माणसाची पायरी कळते, हे त्या नाटकाचं दुखणं आहे, आणि ते मराठीत जितकं झोंबतं तितकं क्वचित कुठे झोंबत असेल. आमच्या बँकेत गावाकडची भाषा बोलणाऱ्या मुलांना काउंटरवर बसवत नसत. चष्मा उतरवून तो प्रश्न सुटत नाही.

आणि दुसरं, मेजवानी जिंकून आल्यावर एलायझा विचारते, की आता माझं काय होणार? मला परत फुलं विकता येणार नाहीत, आणि तुमच्यातही जागा नाही. हा प्रश्न चित्रपटात येत नाही. त्यातली मुलगी राणीची निवडणूक हरते, एवढं मात्र मला आवडलं. नातीला आता मंजुळेचं स्वगत पाठ आहे. मीच करून घेतलं.

धागाकर्तीकडून

काका, आमच्या आजीने एकदा म्हटलं होतं की मंजुळा शेवटी तोंड उघडून बोलते म्हणून तिला ते नाटक आवडतं. त्राटिकेची गोष्ट ऐकताना ती गप्प का होती, हे मला आज तुमचं वाचताना उमगलं. सगळ्यांनी लिहीत राहा.

नाव न देता

मराठवाड्यातलं कॉलेज, २०११. वर्गातल्या एका मुलाला माझी जिवलग मैत्रीण आवडायची. त्याला मनातलं नीट लिहिता येत नव्हतं, मला यायचं. मी पत्रं लिहून द्यायची, तो आपल्या अक्षरात उतरवून तिला द्यायचा. अशी सात पत्रं झाली. ती रात्री मलाच वाचून दाखवायची. त्यातली वाक्यं मी कोणासाठी लिहीत होते, हे मला तिसऱ्या पत्रापासून कळलं होतं.

'द हाफ ऑफ इट' (२०२०) पाहिला तेव्हा मी एकटीच होते. अॅलिस वू यांचा चित्रपट, वॉशिंग्टन राज्यातलं लहानसं काल्पनिक गाव. एली चू पैसे घेऊन वर्गातल्या मुलांचे निबंध लिहून देते. पॉल तिच्याकडून अॅस्टरसाठी पत्रं लिहून घेतो, आणि अॅस्टर एलीलाही आवडते. हे एदमों रोस्ताँच्या १८९७च्या 'सिरॅनो द बर्जराक'वरून घेतलंय, असं कळलं म्हणून मी ते नाटक वाचलं. त्यात सिरॅनो दुसऱ्याच्या नावाने रॉक्सानला पत्रं लिहितो, आणि तिला खरं कळतं ते कित्येक वर्षांनी, सिरॅनो मरणाच्या दारात असताना. तो तिच्यासमोर जुनं पत्र वाचत असतो, अंधार पडत जातो, आणि तिच्या ध्यानात येतं की आता अक्षर दिसणं शक्य नाही, तरी हा वाचतोच आहे. मला तिथे पुस्तक मिटून ठेवावं लागलं.

चित्रपटात कोणी मरत नाही. एली रेल्वेने शिकायला निघून जाते आणि पॉल गाडीबरोबर पळत राहतो. सिरॅनोला मिळाला नाही तो मित्र एलीला मिळतो, त्यासाठी मी या चित्रपटाची ऋणी आहे.

माझ्या मैत्रिणीचं आणि त्या मुलाचं पुढे जुळलं नाही. मैत्रिणीचं लग्न झालं, मुलगी आहे. गेल्या महिन्यात घर बदलताना तिला ती पत्रं सापडली. तिने मला एका पत्राचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "अक्षर त्याचं आहे. वाक्यं तुझी ना?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही. हे इथे लिहून झालं की देते.