मदत हवी आहे: वॉटरप्रूफ बेसमेंटच्या भिंतीतून पाणी, वीज आणि फायबर आत कसे घ्यावे?

नवीन बंगल्याच्या बेसमेंटची आरसीसी रिटेनिंग वॉल २५० मिमी जाड आहे, राफ्ट (तळाचा सलग काँक्रीट पाया) आणि भिंतीच्या सांध्यात पीव्हीसी वॉटरबार (सांध्यातून येणारे पाणी अडवणारी पट्टी) आहे. पावसाळ्यात भूजल निम्म्या भिंतीपर्यंत चढते. रस्त्याकडून ३२ मिमीची एचडीपीई पाण्याची लाइन, विजेची एक आर्मर्ड (धातूचे कवच असलेली) केबल आणि फायबरचा डक्ट आत घ्यायचा आहे. पुढच्या आठवड्यात भिंतीचे शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) बंद होईल.

नुसता पीव्हीसी पाइप भिंतीत ठेवून काँक्रीट ओतायचे नाही, हे नक्की. गुळगुळीत पीव्हीसीला काँक्रीट धरत नाही आणि पाणी पाइपाच्या अंगाने सरळ आत येते. म्हणून प्रत्येक लाइनला वेगळी १०० मिमीची एमएस (माइल्ड स्टील) स्लीव्ह, म्हणजे लाइन जिच्यातून जाईल ती बाहेरची नळी, भिंतीच्या मधोमध पडल फ्लँज (स्लीव्हभोवतीची, पाणी अडवणारी चकती) सलग वेल्ड केलेली आणि बाहेरच्या बाजूला थोडा उतार. दोन स्लीव्हमध्ये व्हायब्रेटरची सुई जाईल एवढी जागा हवीच, नाहीतर फ्लँजखाली हनीकोंब (काँक्रीटमधली पोकळी) राहतो आणि गळती नेमकी तिथून सुरू होते.

अडले आहे ते पुढे. स्लीव्हमधली फट नॉन-श्रिंक ग्राउटने (न आकसणाऱ्या सिमेंटच्या मसाल्याने) भरावी, की बोल्ट आवळल्यावर फुगणाऱ्या रबर सीलने? बाहेरचा भराव बसला की पाइप खाली ओढला जातो आणि ग्राउट तडकतो, त्यामुळे कल रबराकडे आहे. पण आर्मर्ड केबल अगदी गोल नसते, तिच्यावर सील नीट बसते का? सील आतून लावले तर पुन्हा आवळता येते, मात्र स्लीव्हमध्ये पाणी साचून राहील. दोन्ही बाजूंनी लावावे का? फायबर डक्टच्या पोकळीतून येणारे पाणी अडवायला कोणता प्लग टिकतो?

वीज प्लिंथच्या (जोत्याच्या) वरून आणायचाही विचार आहे. एक भोक कमी तेवढे बरे.