कार्ट्रिजमध्ये घरी शाई भरणं: काटकसर की नसती उठाठेव?

शाईग्रस्त (धागाकर्ता)
आमचा इंकजेट घेताना स्वस्तात पडला म्हणून घरात पेढे वाटायचे बाकी होते. काळं आणि रंगीत अशी दोन कार्ट्रिजं आणायला गेलो तेव्हा प्रिंटरच्या निम्मे पैसे तिथेच गेले. तेव्हापासून, म्हणजे दोन वर्षं, घरीच भरतो.

फार काही लागत नाही. वरचं लेबल अलगद उचकटलं की खाली भोकं दिसतात. काळ्याला एक, रंगीतला तीन. सुई आतल्या स्पंजात घालून तीन-चार मिली शाई अगदी हळू सोडायची. खाली नोझलवर, म्हणजे शाई बाहेर पडते त्या बारीक छिद्रांवर, थेंब डोकावला की हात थांबवायचा. मग ओलसर टिश्यूवर टेकवायचं. रंगीतच्या तीन पट्ट्या वेगळ्या उमटल्या तर जमलं. चिखल उमटला तर रंग एकमेकांत गेले.

'शाई संपली' हा इशारा नंतरही येत राहतो, तिकडे लक्ष देऊ नका. यंत्र किती थेंब उडवले ते मोजतं, आत डोकावून बघत नाही. माझं स्पष्ट मत: घरगुती कामाला नवं कार्ट्रिज घेणं हा शुद्ध येडेपणा आहे.

कोपऱ्यावरची
असहमत. महिन्याला तुमची पानं किती? आमची दहा-बारा. झेरॉक्सवाल्याला पीडीएफ पाठवते, भाजी घेऊन येताना कागद उचलते. पाच रुपये पान धरलं तरी साठ रुपये. त्यासाठी सिरिंज, हातमोजे, टिश्यू आणि तुमचा अख्खा रविवार?

शाईग्रस्त
ताई, त्याच दुकानात परवा मी उभा होतो. समोरच्या स्क्रीनवर डाउनलोडचं फोल्डर उघडं. कुणाचं आधार, कुणाची पगाराची स्लिप, कुणाचा भाडेकरार. पाच रुपयांत हेही येतं.

कोपऱ्यावरची
हा मुद्दा मान्य. शाळेचा प्रकल्प दुकानात, आधार घरी. तरी सिरिंज नाहीच.

वऱ्हाडी ठसका
मी भरून पाहिलंय भाऊ. भोकं तीन, कोणत्यात कोणता रंग ते न बघताच सुई घातली. गुलाबी शाई ओट्यावरून थेट आईच्या पांढऱ्या पंचावर. वर्ष झालं, पंचा अजून पुरावा म्हणून दोरीवर असतो. त्यात आमच्याकडे मे महिन्यात आठ दिवस प्रिंट नाही काढली की नोझल वाळून कडक. भरलं काय, नाही भरलं काय!

पेचकस
प्रिंटर दुरुस्त करतो, म्हणून दोन शब्द. धागाकर्त्यांची कृती बरोबर आहे, इशाऱ्याबद्दलचा सल्ला मात्र अर्धाच. तुम्ही म्हणता त्या कार्ट्रिजला हेड, म्हणजे शाई उडवणारा भाग, खालीच चिकटलेलं असतं. बारीक हीटर शाई तापवतो, वाफेचा बुडबुडा होतो, तो थेंब ढकलतो. त्या हीटरला गारही शाईच ठेवते. कोरडं पडेपर्यंत छापत बसलात तर नोझल जळतात, मग आत गंगा ओता. भरल्यावर इशारा विसरा, पण भरण्याआधी छपाई फिकी व्हायला लागली की थांबा.

आणि खरी शाई जाते ती दुसरीकडेच. आपल्याकडे प्रिंटर भिंतीवरच्या बोर्डाच्या बटणाने बंद करतात, टीव्ही बंद केल्यासारखा. यंत्रावरच्या बटणाने बंद केला तर हेड कोपऱ्यात जाऊन रबराच्या टोपीखाली बसतं. मध्येच वीज तोडली तर ते उघडं राहून वाळतं. मग तुम्ही 'क्लीनिंग' मारता, म्हणजे शाई सोडून नोझल मोकळे करायची आज्ञा देता, एकदा, दोनदा, चारदा. ती सगळी शाई प्रिंटरच्या तळाच्या स्पंजात. गिऱ्हाईक म्हणतं, छापलं तर काहीच नाही, शाई गेली कुठे?

शिरोरेषा
फाँटबद्दल कुणी बोललं नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या एका शाळकरी मुलाने हिशोब मांडला होता की तिथले सरकारी कागद गॅरामाँड या फाँटमध्ये छापले तर शाईचे बरेच पैसे वाचतील. जाणकारांनी लगेच दाखवलं की त्याच पॉइंटला ते अक्षर मुळात लहान दिसतं, बचत बरीचशी त्यातली. आपल्याकडे मंगल आणि कोकिळा या देवनागरी फाँटचं तेच. कोकिळा १२ला शाई कमी लागते, पण आजोबांना भिंग लागतं. त्यापेक्षा ठळक अक्षर टाळा. देवनागरीत प्रत्येक शब्दावर रेघ असतेच, ठळक केली की ती दोरखंड होते. मसुद्याला 'ड्राफ्ट' सेटिंग ठेवा. आणि ग्रेस्केल निवडलं की 'फक्त काळी शाई' हेही बघा, नाहीतर काही प्रिंटर करड्या छटेसाठी रंगीतलाच हात घालतात.

टाकीवाला
एवढी चर्चा कशाला? टाकीचा प्रिंटर घ्या, कार्ट्रिजऐवजी बाटलीतून टाकीत शाई ओतायची. एप्सनची ००३ काळी बाटली ६५ मिलीची, कंपनी ४५०० पानं सांगते. तुमची सिरिंज संग्रहालयात ठेवा.

पेचकस
तो आकडा कंपनीचा, ठरलेली पानं सलग छापून काढलेला. तुम्ही आठवड्याला दोन पानं काढणार, मध्ये क्लीनिंग होणार, घरात तेवढी निघणार नाहीत. शिवाय तिथे हेड प्रिंटरचं असतं. तुंबलं तर कार्ट्रिजसारखं काढून फेकता येत नाही, बिल बघून चक्कर येते. महिन्याला शंभर-दोनशे पानं असतील तर टाकी बेस्ट. दहा पानांना ताईंचं बरोबर.

वऱ्हाडी ठसका
आणि शाईग्रस्त भाऊंचं?

शाईग्रस्त
थांबा, आत्ताच बघून आलो. आमचा प्रिंटर दोन वर्षं बोर्डाच्या बटणानेच बंद होतोय. महिन्यातून तीनदा क्लीनिंग मीच मारतो. बायको मागे उभी राहून हा धागा वाचतेय. सिरिंज सोडणार नाही, पण बटणावर आता चिकटपट्टी लावली आहे.