टायमिंग बेल्ट बदलल्यावर व्हॅन सकाळी उशिरा सुरू होते, टायमिंग कसं तपासायचं?

फोंड्याची_व्हॅन
नमस्कार मंडळी. टूरिस्ट व्हॅन आहे, 2.2 लिटर कॉमन रेल डिझेल, चार सिलिंडर, 16 व्हॉल्व्ह. टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप नुकताच बदलून घेतला. तेव्हापासून सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, सुरू होताना करडा धूर येतो आणि अनमोड घाटात चढणीला दम राहत नाही. चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही. मिस्त्री म्हणतो मार्क बरोबर जुळवले होते. पण वरचं कव्हर काढून पाहिलं तर नव्या बेल्टवरच्या पांढऱ्या रेघा पुलीच्या खुणांपासून लांब आहेत. टायमिंग चुकलं असेल का? टायमिंग लाइट लावून कळेल का? दाबोळी विमानतळाच्या फेऱ्या चालू ठेवू की नको?

म्हापशाचा_पाना
फेऱ्या आजपासून बंद ठेवा. अशा इंजिनात बेल्ट आणखी एखादा दात सरकला तर व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात आणि हेड उतरवावं लागतं.

पांढऱ्या रेघांची काळजी सोडा. त्या फक्त बेल्ट चढवताना उपयोगी असतात. बेल्टचे दात आणि पुलीचे दात यांचा हिशेब असा असतो की इंजिन एकदा फिरलं की रेघा पुढे निघून जातात, आणि कित्येक फेऱ्यांनंतरच परत जागेवर येतात. पाहायच्या त्या पुलीवरच्या आणि इंजिनावर कोरलेल्या खुणा.

क्रँक म्हणजे पिस्टनने फिरणारा खालचा दांडा, कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा वरचा दांडा; बेल्ट या दोघांना जोडतो. तपासणी थंड इंजिनावर करा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, गाडी न्यूट्रलला ठेवा. क्रँकच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून इंजिन चालतं त्याच दिशेने हळूहळू फिरवा. कॅमच्या बोल्टवर जोर देऊन फिरवू नका. ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे) काढले तर कॉम्प्रेशन निघून जातं आणि हाताला नीट अंदाज येतो. मात्र ते जाम असतील तर ओढाताण करू नका, मोडून हेडमध्ये अडकतात. मग तसंच सावकाश फिरवा. कॉम्प्रेशनचा अडथळा स्प्रिंगसारखा दबतो, थांबलात की हळूहळू सुटतो. व्हॉल्व्ह भिडला तर टणक अडतं आणि तसूभर पुढे जात नाही. तिथे लगेच थांबा.

क्रँकचे दोन पूर्ण फेरे म्हणजे कॅमचा एक. एकाच फेऱ्यानंतर पाहाल तर कॅमची खूण उलट बाजूला दिसेल, त्यात चूक काही नाही. दोन फेऱ्यांनंतर क्रँक आणि कॅम दोन्हींच्या खुणा एकदम जुळायला हव्यात, आणि लॉकिंग पिन (पुली जागेवर धरून ठेवणारी खीळ) बोटांनी आत गेली पाहिजे. हातोडीने ठोकून बसत असेल तर टायमिंग चुकलेलं आहे. खुणेच्या पुढे गेलात तर मागे आणू नका. उलट फिरवलं की ढील चुकीच्या बाजूला जमते आणि निकाल खोटा येतो. आणखी दोन फेरे मारून परत खुणेवर या.

बाहेरच्या क्रँक पुलीवरच्या खुणेवर विसंबू नका. त्या पुलीच्या दोन भागांमध्ये रबर असतं, ते सुटलं की बाहेरचं कडं सरकतं. आतल्या दातेरी पुलीची खूण खरी.

वेर्णा_स्कॅनर
टायमिंग लाइट, म्हणजे स्पार्कच्या तालावर लुकलुकणारा दिवा, इथे निरुपयोगी आहे. डिझेलला स्पार्क नाही, आणि कॉमन रेलमध्ये इंजेक्शन केव्हा करायचं ते ईसीयू (इंजिनाचा संगणक) क्रँक सेन्सरवरून ठरवतो. म्हणूनच कॅम एक दात चुकला तरी इंजिन चालतं. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतात, सेल्फच्या कमी वेगात हवा पुरती दबत नाही, तापत नाही, आणि न जळलेलं डिझेल करड्या धुरातून बाहेर पडतं. तुमची लक्षणं याच्याशी जुळतात.

दिवा नाही म्हणून निश्चिंत राहू नका. स्कॅनरवर पेंडिंग कोडही (दिवा लागण्याआधी नोंदलेले दोष) पाहा. पी 0016 असेल तर क्रँक आणि कॅमचा मेळ बिघडलाय. मात्र कव्हर काढताना कॅम सेन्सर हलला किंवा त्याचं प्लग सैल राहिलं तरी हाच कोड येतो.

पक्कं उत्तर ऑसिलोस्कोपवर, म्हणजे सेन्सरच्या सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर मिळतं. क्रँकच्या दातेरी पुलीला 20 दात असतील तर एक दात म्हणजे क्रँकचे 18 अंश. सेन्सरची चकती 60 वजा 2 दातांची (60 जागांपैकी 2 दात मुद्दाम गाळलेली) असेल तर तिचा एक दात 6 अंशांचा, म्हणजे बेल्टचा एक दात चुकला की कॅमचा सिग्नल क्रँकच्या सिग्नलवर बरोबर तीन दात सरकलेला दिसतो. त्याच इंजिनाच्या चांगल्या गाडीचा आलेख शेजारी ठेवा.

बेल्ट उघडण्याआधी डिझेलची लाइनही बघून घ्या. काम करताना फिल्टर किंवा पाइप हलवला असेल तर हवा शिरते, रात्री डिझेल टाकीकडे उतरतं आणि सकाळी सेल्फ लांबतो. पण त्याने घाटात दम जात असेल असं मला वाटत नाही. घाटात काळा धूर असेल तर इंटरकूलरचे (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागाचे) होज तपासा.

फोंड्याची_व्हॅन
दादा, धन्यवाद. घाटात धूर करडाच आहे. खूण खरंच एक दात चुकलेली निघाली तर पुढे काय करायचं?

म्हापशाचा_पाना
स्क्रू ड्रायव्हरने बेल्ट ढकलून दात बदलू देऊ नका, आतले धागे तुटतात. दोन्ही पुली लॉक करा, टेन्शनर सोडा, बेल्ट काढा आणि क्रँककडून सुरुवात करून टेन्शनर नसलेली बाजू ताठ ठेवत परत चढवा. ढील सगळी टेन्शनरच्या बाजूला राहिली पाहिजे. बहुतेक वेळा दात चुकतो तो इथेच. बोल्ट सोडताना किंवा आवळताना लॉकिंग पिनवर जोर घेऊ नका, पिन मोडते. क्रँकचा बोल्ट अंशांनी (ठराविक कोनात फिरवून) आवळायचा असेल तर नवा घाला, आणि टॉर्क (आवळण्याचा जोर) तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधूनच घ्या. स्वयंचलित टेन्शनरचा काटा खाचेत आणा, दोन फेरे फिरवा, काटा परत पाहा. तो हलला असेल तर पुन्हा लावा.

गाडी सुरू करण्याआधी डिझेलच्या गेजने कॉम्प्रेशन घ्या, इंजेक्टरच्या वायरींचे प्लग काढून. पेट्रोलचं गेज चालत नाही. टायमिंग जुळवल्यावर चारही सिलिंडर सारखे आले तर ठीक. एकच कमी आला तर व्हॉल्व्ह वाकलाय असं धरा.

सांखळी_डिझेल
खालचं कव्हर पुन्हा बसवताना त्याची रबर पट्टी नीट बसली का ते पाहा. आमच्याकडे लाल माती आणि पावसाचं पाणी तिथूनच आत जातं. क्रँक किंवा कॅमच्या सीलमधून तेल गळत असेल तर सील आताच बदला, तेल लागलं की नवा बेल्टही फुगतो. टूरिस्ट गाडी जून ते सप्टेंबर उभी राहते, पण रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. म्हणून बेल्ट बदलल्याची तारीख आणि किलोमीटर दोन्ही कव्हरवर लिहून ठेवा. पुढची मुदत दोन्हींपैकी जे आधी येईल त्यावर धरायची.