परीक्षकांच्या परिचयात नेमके काय असावे?

तिसरीघंटा यांचा प्रश्न:

नमस्कार. एका स्थानिक कलामहोत्सवाच्या संयोजन समितीत मी काम करते. गायन, वादन, नृत्य आणि नाट्यप्रवेश अशा चार विभागांत स्पर्धा होतात आणि त्या सर्वांसाठी मिळून तीनच परीक्षक असतात. यंदा परीक्षकांचा परिचय तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. ते किरकोळ वाटले होते. तसे ते नाही. एका परीक्षकांनी पाठवलेला परिचय दीड पानांचा आहे. त्यात सत्कार आहेत, मानपत्रे आहेत, अध्यक्षपदे आहेत, कोणत्या पाहुण्यांच्या हस्ते काय स्वीकारले तेही आहे; परंतु नृत्याशी त्यांचा संबंध कधी आला, याविषयी एक ओळही नाही, आणि आम्ही त्यांना नृत्याचे गुण द्यायला बसवणार आहोत. दुसऱ्या परीक्षकांच्या परिचयात नावापुढे ‘ज्येष्ठ रंगकर्मी’ एवढेच दोन शब्द आहेत.

गेल्या वर्षी निकालानंतर एका पालकांनी समितीला अगदी शांतपणे विचारले होते, की आमच्या मुलीच्या नृत्याला ज्यांनी गुण दिले ते स्वतः कधी नृत्य शिकले आहेत का. स्वरात राग नव्हता, म्हणूनच तो प्रश्न अधिक लागला. आमच्यापैकी कोणालाही उत्तर देता आले नाही. तेव्हा परीक्षकाची पार्श्वभूमी म्हणून स्पर्धकांना काय सांगावे, आणि तीन माणसांत चार कला बसवायच्या तर निवड कशी करावी, हे जाणकारांनी सांगावे. नामवंत व्यक्ती आली की सभागृह भरते, हा समितीतल्या काही सदस्यांचा मुद्दा मी नाकारत नाही.

मधलीओळ यांचे उत्तर:

मी बरीच वर्षे नाट्यस्पर्धांचे परीक्षण करत आलो आहे. माझ्या मते परिचयातला मजकूर दोन प्रकारचा असतो: माणसाचा मान सांगणारा आणि माणसाचा कान सांगणारा. पहिला प्रकार निमंत्रणपत्रिकेसाठी ठेवावा. स्पर्धकाला दुसरा हवा असतो. कोणती कला किती वर्षे आणि कोणाकडे शिकली, स्वतः सादर केली की शिकवली, तिच्यावर लिहिले की दिग्दर्शन केले, शेवटचे परीक्षण कधी आणि कोणत्या विभागाचे केले, एवढ्या गोष्टी पाच ओळींत सहज मावतात.

कलावंत, शिक्षक आणि समीक्षक हे तिघे एकच सादरीकरण तीन प्रकारे पाहतात, हेही समितीने गृहीत धरावे. रंगमंचावर नाव मिळवलेला कलावंत बहुधा आपल्या वाटेने चालणाऱ्याला झुकते माप देतो आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही. शिक्षकाचा कान चुकांवर असतो. बिनचूक पण निर्जीव सादरीकरण त्याच्याकडून वर जाते. समीक्षकाला नावीन्य भुलवते. यांतले एकाच जातीचे तिघे बसवले, तर निकाल आधीच अर्धा ठरलेला असतो.

स्वतःची एक फजिती सांगतो. एकदा ऐनवेळी एक परीक्षक आले नाहीत म्हणून मला तालवाद्यांच्या विभागासाठी बसवण्यात आले. मी नाटकाचा माणूस. नाही म्हणायला हवे होते, म्हटले नाही. एका मुलाचे बसणे, चेहऱ्यावरचा आत्मविश्वास, समेवर येताना मान उडवण्याची ढब पाहून मी त्याला भरघोस गुण दिले. शेजारच्या परीक्षकांच्या कागदावर त्याच मुलाच्या नावापुढे बारीक अक्षरात लिहिलेले होते, ‘लय वाढत गेली, शेवटी जवळजवळ सव्वापट.’ मला त्यातले काहीही ऐकू आले नव्हते. मी डोळ्यांनी गुण दिले होते. संशोधक चिया-जुंग त्साय यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांविषयी वाचल्यावर मला थोडा दिलासा मिळाला. संगीतस्पर्धांच्या विजेत्यांचा अंदाज आवाज बंद केलेल्या चित्रफिती पाहून लोकांनी अधिक अचूक बांधला, नुसते ध्वनिमुद्रण ऐकून नव्हे. आणि त्या लोकांत व्यावसायिक संगीतकारही होते. म्हणजे जाणकारही डोळ्यांना बळी पडतो. पण त्याला निदान लय वाढलेली कळते, मला तीही कळली नव्हती.

ब्रिटनमध्ये हौशी नाट्यमहोत्सवांचे परीक्षण हे स्वतंत्र कौशल्य मानले जाते आणि त्यासाठी ‘गिल्ड ऑफ ड्रामा ॲडज्युडिकेटर्स’ हा परीक्षकांचा संघच आहे. त्यांच्या पद्धतीत १०० पैकी ४० गुण अभिनयाला, ३५ दिग्दर्शनाला, १५ रंगमंचीय मांडणीला आणि १० एकूण नाट्यपरिणामाला असतात. प्रयोग संपल्यावर परीक्षक प्रेक्षकांसमोर उभा राहून काय जमले आणि काय फसले ते बोलतो. दहा मिनिटे सर्वांसमोर बोलावे लागले की पार्श्वभूमी कितपत खोल आहे ते आपोआप कळते. निवडीपूर्वी आपण संभाव्य परीक्षकांना एवढेच विचारावे, की निकालानंतर स्पर्धकांशी बोलाल का. जे टाळाटाळ करतील त्यांना प्रमुख पाहुणे करावे. सभागृह तसेही भरेल.

विंगेतून यांचे उत्तर:

वरील सर्व मान्य करूनही एक मोठी गोष्ट राहिली आहे, ती म्हणजे नातेसंबंध. परीक्षकाला काय येते यापेक्षा त्याचे कोण कोण समोर बसले आहे, याच प्रश्नावरून स्पर्धा मोडतात. वॉर्सॉच्या आंतरराष्ट्रीय शोपँ पियानो स्पर्धेत १९८० साली एकाच परीक्षक मंडळातून दोघे बाहेर पडले. लुई केंटनर पहिल्या फेरीनंतर गेले, कारण त्यांचे विद्यार्थी पुढच्या फेरीत पोहोचले नाहीत. नंतर मार्था आर्गेरिच गेल्या, कारण ईव्हो पोगोरेलिच यांना अंतिम फेरीत घेतले नाही आणि त्यांच्या मते तो वादक असामान्य होता. दोघांचीही योग्यता निर्विवाद होती. आर्गेरिच तर १९६५ साली तीच स्पर्धा जिंकलेल्या. एकाचा प्रश्न शिष्यांचा आणि दुसरीचा अभिरुचीचा. अभिरुचीवरून होणारे भांडण स्पर्धेला शोभते. शिष्यांचा प्रश्न मात्र नियमानेच सोडवावा लागतो. आता त्या स्पर्धेत परीक्षक स्वतःच्या विद्यार्थ्याला गुण देत नाहीत.

म्हणून परिचयाच्या पाच ओळींना सहावी ओळ जोडावी आणि ती परीक्षकाकडून लेखी घ्यावी: स्पर्धकांपैकी कोणी नातेवाईक आहे का, गेल्या काही वर्षांत कोणाला शिकवले आहे का, कोणाची नृत्यरचना, संगीत किंवा संहिता आपली आहे का. शेवटचा प्रश्न बहुतेक समित्या विसरतात. विद्यार्थी दुसऱ्याचा, पण त्याने सादर केलेली रचना परीक्षकाची, असा प्रसंग मी विंगेत उभ्याने पाहिला आहे. संगीत सुरू होताच परीक्षक महोदयांची बोटे टेबलावर ताल धरू लागली आणि मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली.

सहजविचार यांचे उत्तर:

एक व्यावहारिक शंका मांडतो. स्थानिक महोत्सवात सगळेच एकमेकांना ओळखतात. कोणाशीच संबंध नाही असा जाणकार हवा असेल, तर तो बाहेरूनच आणावा लागेल, आणि तेवढे पैसे बहुतेक समित्यांकडे नसतात. संबंध असणे हा दोष मानू नये, लपवणे मानावा. शिवाय परिचयात ‘परीक्षणाचा अनुभव’ ही बाब वेगळी नोंदवावी, कारण ते कलेच्या ज्ञानाहून निराळे आहे. ब्रुसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ संगीतस्पर्धेचे निकाल फ्लोरेस आणि गिन्सबर्ग या अर्थशास्त्रज्ञांनी तपासले होते. बारा अंतिम स्पर्धक, रोज संध्याकाळी दोघे, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरलेला. तरीही पहिल्या दिवशी वाजवणाऱ्यांना वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता कमी असल्याचे त्यांना आढळले. परीक्षक सुरुवातीला हात राखून गुण देतात आणि पुढे सैल सोडतात. मुरलेला परीक्षक पहिल्या तीन-चार जणांचे गुण पेन्सिलने लिहितो आणि विभाग अर्धा झाल्यावर पुन्हा पाहतो. नवख्याच्या कागदावर शाई असते, मग खाडाखोड असते, आणि सातचा आठ केलेला आकडा दिसला की पालकांना दुसरा पुरावा लागत नाही.

तिसरीघंटा:

सर्वांचे मनापासून आभार. दीड पानांच्या परिचयाचे परीक्षक प्रत्यक्षात फार सज्जन निघाले. फोनवर विचारताच म्हणाले, ‘नृत्यातले मला कळत नाही, कोणी विचारलेच नव्हते.’ ते आता गायन आणि वादनच पाहतील. नृत्यासाठी एक नृत्यशिक्षिका येत आहेत. अडचण अशी, की नृत्यविभागातली एक स्पर्धक त्यांच्याकडेच शिकते. त्या मुलीला त्या गुण देणार नाहीत आणि उरलेल्या दोघांची सरासरी धरू, असे ठरवले आहे. हे पुरेसे आहे का?

मधलीओळ:

पुरेसे नाही, यात त्या मुलीचेच नुकसान होऊ शकते. समजा दोन परीक्षक हाताचे आखडते आहेत आणि शिक्षिका सढळ आहेत. एका स्पर्धकाला ६२, ६५ आणि ८० गुण मिळाले, सरासरी ६९. शिक्षिकेच्या विद्यार्थिनीला उरलेल्या दोघांनी ६४ आणि ६६ दिले, म्हणजे दोघांच्याही मते ती सरस. पण तिची सरासरी ६५ येते आणि ती मागे पडते. शिक्षिका कडक असतील तर उलट होईल आणि तिला फुकटचा लाभ मिळेल. पैसे असतील तर नृत्यासाठी चौथा परीक्षक सुरुवातीपासून बसवावा आणि शिक्षिकेचे गुण त्या विभागापुरते कोणासाठीच धरू नयेत. पैसे नसतील तर प्रत्येक परीक्षकाच्या गुणांवरून स्पर्धकांच्या जोड्या लावून पाहाव्यात: या दोघींत सरस कोण, हे ज्यांनी दोघींनाही गुण दिले त्यांनाच विचारायचे. दोघांचे मत जुळले नाही तर चर्चा करावी लागेल, आणि त्या चर्चेच्या वेळी शिक्षिकेने खोलीबाहेर बसावे.

तिसरीघंटा:

चौथा परीक्षक परवडणार नाही, त्यामुळे जोड्यांची पद्धत घेत आहोत. शिक्षिकेला आज कळवले. खोलीबाहेर बसायला त्यांची हरकत नाही, मात्र त्यांनी एक विनंती केली आहे: त्या बाहेर का बसल्या आहेत, हे स्पर्धा सुरू होण्यापूर्वी सूत्रसंचालकाने सर्वांना सांगावे, नंतर नाही.